गणिताच्या विभागात स्थळ बघायला

लोक काशीला जातात, तिरुपतीला जातात, दुबई करून येतात. मी या वयात गणिताच्या विभागात जाऊन आले.

हा ब्लॉग माझ्या सुनेचा, सुनंदाचा. तिच्या सहली तुम्ही नेहमी वाचता. या वेळी ती घरी होती आणि मी फिरत होते, म्हणून मी सांगतेय आणि ती लिहितेय. मला लिहितावाचता येत नाही, त्यामुळे तिने मधेच एखादं शहाणपणाचं वाक्य घुसवलं तर मला पत्ता लागायचा नाही. तसं काही दिसलं तर ते तिचं समजा.

झालं असं की माझी नात केतकी गणितात पीएचडी करते. पहिलं वर्ष नुसता अभ्यास झाला, आता कोणत्या विषयात संशोधन करायचं आणि कोणाच्या हाताखाली, ते ठरवायचं होतं. मला वाटायचं, गणित म्हणजे एकच असतं. तसं नाही म्हणे. आपल्या शहरात मोहल्ले आहेत तसे त्यात मोहल्ले आहेत. बीजगणिताचा वेगळा, आकड्यांचा वेगळा, नशिबाचा हिशोब करणाऱ्यांचा वेगळा. आणि एका मोहल्ल्यातल्या माणसाला दुसऱ्यातलं ओ की ठो कळत नाही. नल्लकुंट्यातल्या माणसाने हिमायतनगरात जाऊन वाट चुकावी, अशी या शिकलेल्या लोकांची तऱ्हा.

केतकीच्या मनात गाठी होत्या. दोरीच्या गाठी. त्यांचंही गणित असतं, त्या मोहल्ल्याला टोपॉलॉजी म्हणतात. पोरीने घरातल्या सगळ्या परकरांच्या नाड्या काढून त्यांच्या गाठी मारून ठेवल्या होत्या, आणि वर दोन्ही टोकं शिवून टाकलेली. का, तर गणितातल्या गाठीला टोक नसतं. मी म्हटलं, बाई गं, टोक नसेल तर परकर नेसायचा कसा. त्यावर ती म्हणाली, आजी, तो वेगळा प्रश्न आहे.

पण गाठींचे सर, मुरली सर, फार कडक. त्यांनी आधी दोन मुलांना परत पाठवलं होतं. दुसरीकडे पद्मा मॅडम. पाणी आणि हवा कशी वाहते त्याचं गणित त्या कॉम्प्युटरवर मांडतात. स्वभावाने गोड, पुढे नोकरी पक्की. माझा मुलगा, सुनंदा, आमचे हे, सगळे मॅडमच्या बाजूचे. केतकी गाठींचं नाव काढायची नाही आणि मॅडमना हो म्हणायची नाही. सर नाही म्हणाले तर काय, या भीतीने पोरगी ताटावर बसून भाताची शितं मोजायची. शेवटी विभागाने दिवस नेमला. त्या दिवशी सगळे प्राध्यापक आपापला विषय समजावून सांगणार आणि संध्याकाळपर्यंत मुलांनी आपलं ठरवून कळवायचं.

मी म्हटलं, मी येते.

आमचे हे म्हणाले, "तुला तिथे काय कळणार?"

मी म्हटलं, पाच वर्षं पोरगी ज्या घरात नांदणार ते घर बघायला नको? नल्लकुंटा, बरकतपुरा, काचीगुडा मिळून किती स्थळं मी बघून दिली, त्यातलं एक तरी परत आलं का? त्यावर ह्यांनी पेपर वर घेतला.

निघताना पिशवीत बेसनाचे लाडू, पाण्याची बाटली, आणि एका कापडात नारळ, खण, सुपारी, हळदीकुंकवाच्या डब्या. मी कोणाच्याही घरी मोकळ्या हाताने जात नाही.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. नल्लकुंट्याहून नारायणगुडा मेट्रो, तिथून परेड ग्राउंड. तिथे गाडी बदलायची. बदलताना चालणं पुष्कळ आहे, गुडघे असतील त्यांनी सरकता जिना शोधावा, नसतील त्यांनी केतकीसारखं पुढे पळावं. तिथून दुसरी मेट्रो थेट रायदुर्गपर्यंत, तिथे ती संपते. तिकीट माणशी शंभराच्या आत. बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळते, फक्त जरा कण्हावं लागतं.

रायदुर्गला रिक्षावाल्याने विचारलं, "कां जाना अम्मा?" केतकीने विद्यापीठाचं नाव घेतलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अम्मा का ॲडमिशन है क्या?" मी म्हटलं, हौ, पोरगी सोडायला आली आहे मला. त्यानंतर त्याने भाडं थोडं कमी केलं. विद्यार्थ्यांना सवलत असते.

विद्यापीठात आत शिरलं की दगडच दगड. हत्तीएवढे दगड एकमेकांवर असे बसलेत की आत्ता पडतील, पण पडत नाहीत. मोर हिंडतात. इतकी जागा आहे की आमचं अख्खं नल्लकुंटा आत ठेवलं तरी धुणं वाळत घालायला अंगण उरेल. आणि एवढ्या जागेत माणसं किती, तर झाडाखाली झोपलेला एक मुलगा. केतकी म्हणाली, तो विचार करतोय.

विभागाची इमारत तीन मजली. स्थळ बघण्याची माझी पद्धत साधी आहे. यजमान काय बोलतो ते ऐकायचं नाही. पाणी विचारतात का, बसायला काय देतात, आणि यजमान खोलीबाहेर गेला की घरची माणसं हसतात का, एवढं बघायचं.

पहिल्यांदा बीजगणित. तिथल्या सरांनी फळा भरून लिहिलं, मग मागे सरून बघितलं, मान हलवली आणि सगळं पुसून टाकलं. मुलांनी माना डोलावल्या. मी केतकीला कानात विचारलं, काय झालं? ती म्हणाली, सिद्ध झालं. पाणी कोणी विचारलं नाही.

मग आकड्यांचं गणित, नंबर थिअरी. दोन संशोधक एका टेबलाशी बसले होते. माणसं सभ्य, उठून खुर्ची दिली. मी विचारलं, काय शोधता बाळांनो? ते म्हणाले, असे आकडे, जे असतील की नाही ते माहीत नाही. मी विचारलं, सापडला एखादा? म्हणाले, नाही, आणि सापडणारही नाही असं आम्हाला दाखवून द्यायचं आहे. मी दोघांना दोन दोन लाडू दिले. अशा मुलांच्या आयांचं मला वाईट वाटतं.

नशिबाचा हिशोब करणाऱ्यांकडे, म्हणजे प्रॉबॅबिलिटीत, मी आपलं विचारलं की आमच्या केतकीचं काय होईल. तिथले तरुण सर म्हणाले, एका माणसाचं सांगता येत नाही, पुष्कळ केतक्या लागतील. मी म्हटलं, एकच सांभाळता सांभाळता आम्ही परेशान आहोत. सर बाहेर गेल्यावर मुलं खो खो हसली. घर चांगलं. पण केतकीचं लक्षच नव्हतं. तिची नजर जिन्याकडे, वर तिसऱ्या मजल्याकडे. तिकडे मुरली सर बसतात.

मी म्हटलं, चल मग वर. ती म्हणाली, नक्को, आधी जेवू.

कँटीन इमारतीच्या मागे. डोसा खावा, चटणी ताजी असते. समोशाच्या वाटेला जाऊ नये. चहा गोडमिट्ट, पण कपभर मिळतो, शहरातल्यासारखा अंगठ्याएवढा नाही. केतकीने डोशाचे तुकडे करून ताटलीत गोल मांडले आणि एकही खाल्ला नाही.

जेवणानंतर पद्मा मॅडम. काय सांगू, खरं घर. खोलीत एसी, खिडकीत तुळस, खुर्चीवर उशी. मला बघून मॅडम उठून आल्या, "रंडी अम्मा, कूर्चोंडी," म्हणाल्या. म्हणजे या, बसा. फिल्टर कॉफी आली. कॉम्प्युटरवर त्यांनी मला मुशी नदी दाखवली, पूर आला तर पाणी कोणत्या गल्लीत कसं शिरेल ते. मी म्हटलं, आमच्या मोरीचं दाखवा, ती दर पावसाळ्यात उलटी वाहते. त्या मनापासून हसल्या. मी त्यांना तेलुगूत सांगितलंही, की मी नातीसाठी स्थळ बघायला आले आहे, खाली तीन घरं बघून झाली. त्यांना गंमत वाटली. म्हणाल्या, आमच्या घरात सासू नाही, बघा बाई.

निघायची वेळ झाली. आता मला सांगा, एवढ्या आदराने बसवणाऱ्या बाईची ओटी न भरता उठायचं? मी कुंकू लावलं, खण, नारळ, सुपारी त्यांच्या पदरात घातली, वर दोन लाडू ठेवले. मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, कपाटातून दोन केळी आणि एक नवीन रुमाल काढला, त्यावर पानसुपारी नव्हती म्हणून वेलची ठेवली, आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, किती संस्कारी बाई.

वळून बघते तर केतकी भिंतीसारखी पांढरी.

साठ वर्षं तेलुगू शेजाऱ्यांमध्ये काढली. त्यांच्यात लग्न ठरतं तेव्हा दोन्हीकडचे एकमेकांना तांबूल देतात, नारळ, सुपारी, वस्त्र. ते दिलं घेतलं की लग्न पक्कं. त्यांच्या किती निश्चयाला, म्हणजे साखरपुड्याला, मी जेवले आहे. पण त्या घडीला माझ्या डोक्यात फक्त आपली ओटी. तासभर स्थळाच्या गप्पा मारून मी नारळ दिला होता, आणि त्यांनी केळी आणि रुमाल देऊन तांबूल पुरा केला होता.

आम्ही जिन्यापर्यंत येतो तोच विभागप्रमुख समोरून आले आणि केतकीचं अभिनंदन करून पुढे गेले. केतकी आपल्याकडे येणार, असं मॅडमनी आनंदाने फोन करून कळवलं होतं.

केतकी पायरीवर बसली. "आजी, तू माझं लग्न लावून आलीस."

मी म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगते, चूक माझी आहे, म्हाताऱ्या बाईला कोणी काही बोलत नाही. नारळ परत मागायचा नसतो, पण केळी परत करता येतील.

तिने माझ्या हातातली केळी पिशवीत ठेवली. मग उठली आणि म्हणाली, "नको. तू सांगितलंस तर ते तुझं होईल. मीच सांगते."

मॅडमच्या खोलीत ती गेली तेव्हा मी बाहेर उभी राहिले. आतून आधी काही ऐकू येईना. मग मॅडमचं हसू आलं, आणि केतकी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझाच लाडू होता, मॅडमनी तिला अर्धा करून दिलेला. मॅडम दारात येऊन मला म्हणाल्या, अम्मा, नारळ मी ठेवणार, मुलगी वर घेऊन जा.

तिसऱ्या मजल्यावरची खोली सांगण्यासारखी नाही. पंखा फिरतो, वारा लागत नाही. दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर पुस्तकं. मुरली सरांनी मला दुसरीवर बसवलं आणि माझ्यासाठी म्हणून हिंदीत बोलायला लागले. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा वाईट, केरळचं. पाणी विचारलं नाही.

केतकी उभीच होती. तिने सांगितलं, मला गाठींवर काम करायचं आहे, तुमच्याकडे.

सर म्हणाले, सगळ्यांना गाठी आवडतात, दिसायला छान असतात. मग त्यांनी विचारलं, की ऑगस्टमध्ये वर्गात मी एक प्रश्न टाकला होता, तू म्हणालीस विचार करून सांगते. केला का?

केतकी म्हणाली केला. रोज करते. मग तिने खडू घेतला. तिने काय काय काढलं ते मला कळलं नाही, नाडीसारखंच काहीतरी, वरून खालून जाणारं. आधी दोनदा काढून दोनदा पुसलं. मग विसरली ती, मी आहे, सर आहेत, सगळं. असं भरभर बोलताना मी तिला लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. फळा संपला तेव्हा ती थांबली.

सरांनी फळ्याजवळ जाऊन सगळं वरून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "गलत है."

मी पिशवी उचलली. केतकी मात्र तिथेच उभी. तिने विचारलं, "कहाँ, सर?"

"वही तो," सर म्हणाले. "सोमवार को आओ. दोनों ढूँढेंगे."

केतकीने मला हाताला धरून उठवलं. जिन्यात मी विचारलं, हो म्हणाले की नाही म्हणाले? ती म्हणाली, हो म्हणाले. मी म्हटलं, असं कुठे हो म्हणतात? ती म्हणाली, तिथे असंच म्हणतात.

येताना विभागप्रमुखांना नाव कळवलं, त्यांनी मघाचं अभिनंदन मागे घेऊन नवीन दिलं. परतीच्या मेट्रोत केतकीने ती दोन्ही केळी खाल्ली, उरलेले लाडू खाल्ले, आणि परेड ग्राउंडला गाडी बदलताना मक्याचं कणीसही मागितलं.

घरी आल्यावर सगळे मला विचारायला लागले, काय पाहिलंस, काय कळलं. गणित काही कळलं नाही. दगड लक्षात राहिले, डोसा राहिला. पण आयुष्यभर मी बघण्याच्या कार्यक्रमांना बसत आले आहे, आणि तिथे मुलीचं तोंड उघडतं ते नाव आणि शिक्षण सांगायला. कोणी विचारलं पसंत का, तर ती खाली बघते आणि मोठी माणसं तेच हो समजतात. मीही समजत आले. परवा पहिल्यांदा ऐकलं, एका मुलीने उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं, मला हे हवं आहे. आणि चूक निघाली तरी तिने पाय मागे घेतला नाही.

आमचे हे विचारत होते, घर कसं आहे. मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. वारा नाही, पाणी विचारत नाहीत, यजमान बाहेर गेला तर हसायला घरात दुसरं माणूसच नाही. मला हे स्थळ अजिबात पसंत नाही. मुलीला आहे.