शेफारलेली पोरगी

माझ्या भाचीवर अन्याय झाला तो तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, तेराव्याला. जेवणाच्या पंगती उठल्याबरोबर. लेकरू तीन वर्षांचं. बाप नोकरीला पुण्यात. त्याच दुपारी मोठ्या माणसांनी वाटणी केली: दोन महिने हदगावला आत्याकडं, दोन महिने चाकूरला काकाकडं, मग अहमदपूरजवळ आमच्या गावी. पोचवायला आलेला माणूस दर वेळी तिला झोपवायचा आणि चपला हातात घेऊन मागच्या दारानं सटकायचा. जागी झाली की आम्ही सांगायचं, "खाऊ आणायला गेलेत."

वर्षभरात तिनं रडणंच सोडलं. कुणीही हात पुढं केला की मांडीवर. सगळ्यांना कौतुक! "लई गुणी लेकरू, कुणाकडं बी जातं!" एके दिवशी अहमदपूरच्या स्टँडवर ती अनोळखी बाईचं बोट धरून एसटीत चढली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. मी धावत जाऊन उतरवली. याला गुण म्हणायचं?

लातूरच्या बालमानसतज्ज्ञ बाईंनी तपासून सांगितलं, "याला गोळी नाही. एकच घर, जीव लावायला एकच माणूस. जाताना सांगून जा, सांगितल्या वेळेला परत या."

"सांगून गेलं तर रडंल की वो!" माझी आई म्हणाली.

"रडू द्या, आजी. रडतच नाही ना ती, हेच तर दुखणं!"

वाटणी मी भांडून मोडली, पोरीला आमच्याकडंच ठेवलं. रानात जाताना आई सांगू लागली, "शाळेची घंटा झाली की येते." आणि घंटेला दारात हजर, खुरपणी अर्धी टाकून. आधी पोरीला फरकच पडेना. मग चावायला लागली, ताटं फेकायला लागली. शेजारी म्हणाले, आजीनं बिघडवली. लातूरच्या फेऱ्या आम्ही सोडल्या नाहीत. आणि एका सकाळी आई निघाली, तशी पोरगी तिच्या पदराला लोंबकळून अशी रडली की अख्खी गल्ली गोळा झाली. मी गल्लीला पेढे वाटले!

परवा एका लग्नात हदगावच्या आत्यानं हात पसरले. "ये गं माझ्याकडं."

पोरगी आजीच्या मागं सरकली. "न्हाई. मी आजीची हाय."

"लई शेफारली की! आमच्याकडं किती गुणी होती."

"हाव आत्याबाई, शेफारली!" मी म्हणाले. "घ्या, जिलेबी घ्या."

आता तुम्ही. उद्या घरातून निघताना लेकराला चुकवून मागच्या दारानं पळू नका. उंबऱ्यात उभं राहून सांगा. रडलं तर रडू द्या. आणि सांगितल्या वेळेला परत या.