वामनभाऊंचा बुरूज

मशीन शॉपमध्ये लोखंडाचा बुरादा आणि किस्से, दोन्ही रोज साचतात. बुरादा निदान शिफ्ट संपली की झाडता येतो! आमच्या ग्रुपचा गेल्या वर्षभराचा सगळा साठा एकाच माणसाचा आहे, वामनभाऊंचा.

भाऊंची उभी नोकरी टरेट लेथवर गेली. टरेट म्हणजे त्या मशीनचं फिरणारं डोकं, त्यात सहा टूल बसतात. रिटायरमेंट जवळ आली तसं भाऊंनी शहराच्या कडेला जुनवानीत घर बांधायला काढलं आणि जाहीर केलं, "घराले टरेट पायजे. किल्ल्यावानी गोल बुरूज!"

वहिनी म्हणाल्या, "मी नाही येत. तिथंबी तुमच्या हाका असतीनच, मोजे कुठं, चष्मा कुठं!" रिटायर झाल्यावर कंपनीचं क्वार्टर तर सोडावंच लागणार होतं. वहिनी येतात की नाही, या एकाच काळजीनं भाऊंचा जीव खालीवर होत होता.

*

मिस्त्रीला भाऊंनी स्वतः ड्रॉइंग काढून दिलं. व्यास तीन हजार मिलिमीटर, फरक चालेल तो प्लस-मायनस पॉइंट झिरो फाइव्ह, म्हणजे केसाएवढा!

मिस्त्रीनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाला, "साहेब, ये ईंटा आय, सोना नोहय!"

*

बुरूज वर आला आणि मोहल्ला चौकशीला लागला. कुरिअरवाला विचारतो, "अंकल, मॅरेज हॉल कब खुलेगा?"

शेजारचे फौजी काका रणगाड्यावर नोकरी केलेले. त्यांच्या लेखी टरेट म्हणजे रणगाड्याचं तोफ बसवलेलं डोकं. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बस, नली हमारी तरफ मत रखना!"

त्यात भाऊंची पुतणी आर्किटेक्चर शिकणारी. ती म्हणाली, "काका, टरेट जमिनीपासून उठत नाही, वरच भिंतीतून बाहेर निघतो. हा तर टॉवर झाला."

भाऊ म्हणाले, "मंग आता खालचा पाडू काय?"

*

सामान लावायला आम्ही चौघं गेलो. लोखंडी कपाट गोल भिंतीला टेकेचना! कसंही फिरवा, मागे फट राहायचीच. आम्ही घामाघूम. भाऊ शांतपणे म्हणाले, "शॉपमंदी नेऊ. मांगून पोट काढून देतो त्याले."

*

वास्तुशांतीची पूजा बुरुजातल्या वरच्या खोलीत होती. गुरुजी म्हणाले, "कलश ईशान्य कोपऱ्यात ठेवा."

कोपरा! भाऊ कलश घेऊन गोल फिरले. एकदा, दोनदा, तीनदा. आम्ही तोंडात रुमाल कोंबले. शेवटी भाऊ म्हणाले, "गुरुजी, कुठं थांबू?"

"जिथं दमाल, तिथं ईशान्य!"

*

त्या दिवशी वहिनी आल्या, पण पाहुण्यासारख्या. पंगती उठल्यावर भाऊ म्हणाले, "आतातरी एकडाव निवांत पाहून घे वरची खोली." इतक्या अजीजीनं म्हणाले की मलाच कसंतरी झालं.

भाऊंनी हातात दिलेला चहाचा कप घेऊन वहिनी एकट्या वर गेल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

भाऊंचं तोंडच उतरलं. अंगणात जाऊन ओरडले, "अवो, काय करून राहिली? नाही आवडलं तर तसं सांग! किरायाची खोली पाहू आपण!"

वरची खिडकी उघडली. पूजेच्या फुलांची टोपली सुतळीला बांधून हळूहळू खाली आली. आत एक रिकामा कप होता.

वरून वहिनींचा आवाज आला, "दुसरा पाठवा! ह्यात साखर कमी होती!"