नानांचा फवारणीचा पंप

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझं तोंड पाहत नाही — आणि मलाही तुमचं पाहावं लागत नाही.

माझा स्वभाव फटकळ, हे आधीच सांगून टाकते. शाळेत शिकवण्यात जन्म गेला, दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते. नवरा गेल्यावर जळगावचं घर खायला उठायचं, म्हणून मी जामनेर रस्त्यावरून आत, राखीव जंगलाला लागून असलेल्या तळ्याकाठी राहायला गेले. आम्ही काही ओळखीच्या कुटुंबांनी तिथं एकेक तुकडा घेऊन दोन-दोन खोल्या बांधल्या होत्या. बाकीचे रविवारपुरते यायचे. बारमाही दोघंच — मी आणि शेजारचे नाना, एसटीतून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी धुळ्याला दिलेली. संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून दोन शब्द बोलायचे, तेवढीच माझी माणसांची सोबत.

मग कळलं, तळ्याच्या वरच्या अंगाला कारखाना येतोय. ठिबकच्या जुन्या नळ्या वितळवायचा. धूर जंगलात जाणार आणि सांडपाणी उतारानं तळ्यात. आम्ही हरकत घेतली. पण आमच्या हातात होतं काय? एवढंच, की तळं स्वच्छ आहे आणि आम्ही ते तसं राखलंय. नानांनी सगळ्यांना काठावर बोलावलं. ओंजळीत तळ्याचं पाणी घेऊन शपथ घ्यायला लावली — आपल्या जागेत विषारी औषधाचा थेंब मारायचा नाही. सगळ्यात मोठा आवाज माझा. वर्गावरची सवय ना!

आता वांग्यांचं सांगायला हवं. हसू नका.

थंडीत आमची भरीत पार्टी असायची. काडीच्या जाळावर भाजलेली पोपटी वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात. वांगी दरवर्षी नानांची आणि कौतुकही नानांचंच. त्या वर्षी मी जाहीर करून टाकलं, यंदा वांगी माझी. का? काय अडलं होतं? काही नाही. माझं नाव निघावं, एवढंच. आणि माझ्या वांग्यांना अळी लागली. बघावं त्या वांग्याला भोक.

मी बाजारातून औषध आणलं. हो, आणलं. नानांकडे पंप मागितला, निंबोळी अर्क मारायचाय असं सांगून. त्यांनी पट्टा नीट करून दिला. फवारणी झाल्यावर उरलेलं औषध आणि पंप विसळलेलं पाणी मी ओघळीत ओतलं. ओघळ कुठं जाते, मला माहीत नव्हतं? अवो, भूगोल शिकवलाय मी! पण म्हटलं, एवढ्याशा औषधानं काय होतंय. पंप नानांच्या ओट्यावर ठेवून आले.

सकाळी काठाला मासे उलटे पडलेले.

सगळे जळगावहून धावत आले. कारखान्याचं बांधकाम सुरू झालेलंच होतं. त्यांचंच काम हे, असं ओरडायला कोण पुढे होतं? मीच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. आमच्या हरकतीवरून सरकारी साहेब लोक पाहणीला येणार होतेच, ते लगेच आले. कारखान्याचा माणूस आमच्या घरांवरून हिंडत हिंडत नानांच्या ओट्यावर चढला. पंपाचं झाकण काढून साहेबांच्या नाकाशी धरलं. पंप कुणाचा? नाना म्हणाले, माझा. फवारलं कुणी?

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — शपथेवर सांगते, रागानं नाही. वाट पाहत होते फक्त. मग मान खाली घातली.

सगळे नानांवर तुटून पडायच्या बेतात होते. मी तेव्हाही गप्प बसले असते तर निदान भित्री ठरले असते. मी काय बोलले, ते सांगायला इतका वेळ लावला. मी म्हणाले, ‘‘नाना, शपथ तुम्हीच घ्यायला लावली होती ना? निदान खरं तरी बोला!’’

साहेब हसले. तुम्हीच तळं नासवता आणि तुमच्याच हरकती! त्या दिवशी आमची बाजू संपली. भरीत झालं नाही. नानांच्या ओट्यावर पुन्हा कुणी पाय ठेवला नाही. मीही नाही. माझी वांगी मात्र बिनकिडीची, देखणी आली. झाडावरच सडली.

नाना जागा विकून धुळ्याला लेकीकडे निघाले, तेव्हा फाटकाशी आले. हातात पंप, स्वच्छ धुतलेला. मी घेईना, तर म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ द्या अक्का. तुमना कामना शे.’’ तुमच्या कामाचा आहे, म्हणे. टोमणा होता की माया, मला अजून कळलेलं नाही.

आज कारखाना चालू आहे. नानांच्या घरात तिथला रखवालदार राहतो. बाकीच्यांनी हळूहळू जागा विकल्या. तळ्याला वास येतो. संध्याकाळी मी कुंपणाशी जाऊन उभी राहते आणि परत येते.

गेल्या थंडीत नाना वारले. मी एसटीनं धुळ्याला भेटायला गेले. ठरवून गेले होते, लेकीला सगळं सांगायचं. तिनं मला जवळ बसवलं, चहा दिला. मग दाराकडे बघत हळूच विचारलं, ‘‘अक्का, तुम्ही तर तिथंच होत्या. लोक म्हणतात ते खरं का हो? बाबांनी केलं होतं ते?’’

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, ‘‘जाऊ दे, बाळ. माणूस आहे, चुकतो.’’

तिनं मान हलवली, डोळे पुसले, आणि माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला. तो मी प्यायले.