जकार्डच्या कार्डांवर मॅट्रिक

परीक्षा माणूस एकदा देतो आणि मोकळा होतो, पण तिच्या गोष्टी काही त्याला सोडत नाहीत. परवा चहा पिता पिता मी एक सांगायला गेलो, तर तिच्यामागं चार आल्या. तेव्हा आता सगळ्याच सांगतो, मधे कुणी बोलू नका.

सन सत्तरच्या पुढची दोन-चार वर्षं झाली असतील. मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात कार्डं पंच करायचो. चादरीवर मोर येतो, फुलं येतात, ती जकार्डच्या मागावर पुठ्ठ्याच्या कार्डांमुळं. एका कार्डाची भोकं म्हणजे नक्षीची एक ओळ. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून माळ करायची आणि मागावर चढवायची. एक भोक चुकलं की कार्ड बाद. माझ्याकडं बाद कार्डांचं पोतं भरलेलं होतं, कारण मी नवीन होतो.

त्या वर्षी आम्ही तिघं बाहेरून मॅट्रिकला बसलो. मी, माग जोडणारा-दुरुस्त करणारा जॉबर मलकप्पा आणि सुताच्या कांड्या भरणारी लक्ष्मीअक्का. मला आणि मलकप्पाला नुसती हौस होती. अक्काचं तसं नव्हतं. तिला नर्सच्या ट्रेनिंगला जायचं होतं. त्याला मॅट्रिक पाहिजे, आणि वयाची अट अशी की हे वर्ष गेलं की दार बंद. नवरा भिवंडीला मागावर, घरात दोन पोरं आणि सासू. पुस्तक उघडून बसायला तिला वेळ कुठला?

आम्हाला रविवारी शिकवायला एक रिटायर्ड गुरुजी यायचे. माझं पोतं बघून ते म्हणाले, "अरे, ही टाकता कशाला? एका बाजूला प्रश्न लिहा, मागं उत्तर. कांडी भरता भरता एकेक काढून बघा."

माझ्या चुका कुणाच्या तरी उपयोगी पडणार म्हटल्यावर मला असा आनंद झाला की पहिल्या रविवारी मी एकट्यानं दोनशे कार्डं लिहून काढली.

*

मलकप्पा मंद्रूपचा. घरात कन्नड, कारखान्यात मराठी, आणि दोन्हींत आवाज मोठा. तिसऱ्याच दिवशी तो नाचत आला. "माझी समदी कार्डं पाठ झाली! शंभरातलं एक चुकंना."

गुरुजींनी त्याच्या मागं उभं राहून बघितलं. मलकप्पा प्रश्न वाचायचा, लगेच कार्ड उलटायचा, उत्तर वाचायचा आणि मान डोलवायचा, "व्हय व्हय, हेच म्हणणार हुतो की."

गुरुजींनी कार्डं काढून घेतली आणि अक्काच्या हातात दिली. "आता तोंडानं उत्तर दे, मग ती उलटेल."

वीस कार्डांत तीन आली. मलकप्पा अक्काकडं रागानं बघत म्हणाला, "ह्या बाईच्या हाताला गुण न्हाय."

*

सुटं कार्ड म्हणजे आमच्या कारखान्यात पाप. क्रम बिघडला की मोराचे पाय डोक्यावर येतात. अक्का त्यातच वाढलेली. तिनं इतिहासाची नव्वद कार्डं नंबर घालून, गाठी मारून, झकास ओवून आणली. मी, मलकप्पा आणि गुरुजी, तिघांनीही ती माळ कौतुकानं हातात घेऊन बघितली.

आणि पाठ काय झाली होती! पहिल्या कार्डापासून नव्वदाव्यापर्यंत अक्का एका दमात म्हणायची, जसा माग चालतो तशी. गुरुजी खूश झाले. त्यांनी माळेतलं मधलंच एक कार्ड धरलं. "हं, हे सांगा."

अक्का बोटानं माळ मागं मागं सरकवत पहिल्या कार्डापर्यंत गेली. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, पहिल्यापासून म्हणत येऊ का? वाटेत लागतंय ते."

"पेपर काढणारा तुमच्या माळेनं जाणार आहे का? दोरा कापा."

कापा? ओवलेल्या माळेला कात्री लावणाऱ्याला आमच्याकडं कामावर ठेवत नाहीत. मलकप्पा म्हणाला, "मी न्हाय बाबा." मीही हात मागं घेतले. शेवटी अक्कानंच कात्री घेतली. डोळे मिटून कचाकच गाठी कापल्या आणि सगळी कार्डं फरशीवर पसरून पायानं कालवली. त्या वर्षाची परीक्षा तिला माळेपेक्षा मोठी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

*

आता मोराची गोष्ट. मागावरच्या माळेतलं एक कार्ड फाटलं. मी नवीन पंच करून टेबलावर ठेवलं, शेजारीच आमची अभ्यासाची. मलकप्पा घाईत आला, हाताला लागलं ते ओवलं आणि माग चालू केला. दुपारपर्यंत जेवढे मोर निघाले तेवढ्या सगळ्यांची मान मोडलेली.

मालक आले. माळ उलगडून बघता बघता त्यांनी ते कार्ड बाहेर काढलं आणि मोठ्यानं वाचलं, "पानिपतची तिसरी लढाई कधी झाली?"

मागाचा खडखडाट थांबलेला. आम्ही भिंतीला चिकटलेलो. मालकांनी कार्डाच्या मागच्या बाजूवर अंगठा ठेवला आणि मलकप्पाला म्हणाले, "सांग."

"सतराशे एकसष्ट," मलकप्पा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा न उलटता.

मालकांनी अंगठा काढून खात्री केली. "बरोबर हाय. वाचलास. पण ह्या मोराला कुठल्या लढाईत धाडलंस रे?"

*

सगळ्यात भारी अक्काची सासू. अत्तम्मा म्हणायचे तिला सगळे, तेलुगूत आत्यालाही अत्तम्मा आणि सासूलाही. अक्काच्या तेलुगू लोकांत आत्याच्या घरी मुलगी देतात, म्हणजे ती अक्काची सख्खी आत्याच. शाळेची पायरी कधी चढलेली नाही. तरी रोज संध्याकाळी विड्या वळायचं थांबवून ती कार्डं धरून बसायची. प्रश्न अक्काकडं, उत्तर आपल्याकडं. अक्का उत्तर द्यायची आणि अत्तम्मा म्हणायची, "चूक." उलटून बघावं तर खरंच चूक!

मी चाट पडलो. "अत्तम्मा, वाचता येत नाही, मग कळतं कसं?"

"बरोबर येतंय तवा माझ्याकडं बघती. चुकतंय तवा कार्डाकडं. ह्याला शाळा कशाला लागती?"

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं शाळेत जाऊन यादी बघून आलो. मी पास. मलकप्पा गणितात गेला. अक्का सेकंड क्लास! रस्त्यानं येताना मलकप्पाच जास्त नाचत होता. अक्काला वाटलं, एकदा तरी सासूला फसवायचं. दारात उभी राहिली आणि थेट तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "अत्तम्मा, नापास."

अत्तम्मानं तिचे डोळे नीट बघून घेतले. मग विड्यांचं सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि चपला घातल्या.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"ते वय मोजणारं हापिस कुटं हाय तितं. ही जन्मली तवा बाळंतिणीपाशी मी हुते. साहेबाला सांगते, पोरगी दोन वर्सं मागनं झाली. त्याला माझ्यापरास जास्त ठावं हाय व्हय?"

आणि निघालीसुद्धा. अक्काला हसता हसता रडू फुटलं. पदरानं डोळे पुसत, खाली बघत ती मागं धावली. "अत्तम्मा, थांबा, पास झालेय मी. खरंच पास झालेय."

अत्तम्मा थांबली नाही. "खाली बघून सांगू नगंस," ती म्हणाली. "चल बिगीबिगी, तुजी सही लागंल."