पाचापैकी दोन

आमच्या ऑफिसात फाइली जुन्या झाल्या की रद्दीत जातात, किस्से मात्र साठतच राहतात. विश्रामबागेत मेडिकलच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. देसाई मॅडम मुलांना परदेशातल्या कॉलेजांबद्दल सल्ला देतात आणि मी फॉर्म भरते. टेबलावरचा फोन वाजला की मी दचकते, म्हणून मॅडमनी त्याची रिंग अगदी बारीक करून ठेवलीय. तरी दचकतेच. आता सांगते ते सगळे किस्से एकाच फाइलमधले आहेत, सानिया मणेरच्या.

सानियाचे वडील रफिकचाचा हळदीचे व्यापारी. पोरीला अमेरिकेत इंजिनिअरिंग करायचं होतं. त्यासाठी अकरावीनंतर तिनं पुण्याला जाऊन एपीचे दोन पेपर दिले. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा पेपर द्यायचा, अशी ती परीक्षा. मार्क एक ते पाच. जुलैत रिझल्ट लागला. फिजिक्सला चार, कॅल्क्युलसला दोन.

दुपारी चाचा पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर. मॅडमच्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "पाचात चार म्हंजे ऐंशी टक्के, पाचात दोन म्हंजे चाळीस. आवं, पस्तिसाला पास की."

मॅडमनी आधी पेढा पुरता संपवला. इतक्या सावकाश खाल्लेला पेढा मी दुसरा पाहिलेला नाही. मग सांगितलं: तिकडं तीनच्या खाली फारसं कुणी धरत नाही, त्यातून इंजिनिअरिंगला जायचं आणि कॅल्क्युलसमध्येच दोन. चाचांनी बॉक्सचं झाकण लावलं, पण बॉक्स परत नेला नाही. तो आम्ही आठवडाभर भीतभीत खाल्ला.

*

चार दिवसांनी चाचा सानियाला घेऊन पुन्हा आले, बारावीच्या बोर्डात मागवतात तशी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवायला. मॅडम म्हणाल्या, गरजच नाही. एपीचे मार्क फॉर्ममध्ये आपल्या मर्जीनं लिहायचे असतात. चार लिहू, दोनाचा रकाना मोकळा सोडू.

"म्हंजे दडवायचं?"

"दडवायचं नाही हो. फक्त सांगायचं नाही."

"आमच्यात पोत्यात वर चांगलं हळकुंड आन् तळाला किडकं घातलं, तर दुसऱ्या दिवशी बाजारात कुनी दारात उभं करत न्हाई. त्येला बी 'फक्त सांगितलं न्हाई' म्हणायचं काय?"

मॅडमनी सानियाकडं बघितलं. सानिया खाली मान घालून बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मॅडम म्हणतील तसं." चाचा उठले. "तुमी शिकलेली मानसं. तुमचं तुमी बघा," म्हणत जिना उतरून गेले.

*

आता माझा किस्सा. मी मूळची लोणंदची. बारावीनंतर माझा स्कॉलरशिपचा फॉर्म परत आला होता. कारण काय, तर एका रकान्यात 'लागू नाही' लिहायचं राहिलं होतं. तेव्हापासून मोकळा रकाना दिसला की तो भरल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्याकडं कुणालाही विचारा, मोकळा रकाना म्हणजे फॉर्म बाद.

सानियाचा फॉर्म मी भरला. सगळे रकाने भरले. फिजिक्स चार. कॅल्क्युलस दोन. सानियानं तो एकदा वाचून शेवटचं बटण दाबलं आणि तो एकच फॉर्म सहा कॉलेजांना गेला.

आठवड्यानं फाइलला प्रिंट लावताना माझ्या लक्षात आलं, दोनाचा रकाना मोकळा सोडायचा होता. दोन दिवस फाइल ड्रॉवरमध्ये लपवली. तिसऱ्या दिवशी ती घेऊन मॅडमच्या टेबलापुढं उभी राहिले.

"किती ठिकाणी गेलंय?"

"सहा."

"म्हणजे सगळीकडं." मॅडमनी फाइल मिटली. "चहा सांग."

चहा आला आणि तसाच गार झाला. मी म्हटलं, सहाही जणांना मेल टाकून तो दोन काढायला सांगते. मॅडम म्हणाल्या, "आत्ता तो एकदाच दिसलाय. मेल टाकलास की दोनदा दिसेल."

आणि चाचांना सांगायचं का? ते त्यांनी माझ्यावर सोडलं. असली गोष्ट कुणी माझ्यासारखीवर सोडतं का?

*

मार्चमध्ये उत्तरं यायला लागली. प्रत्येक वेळी सानिया फोन करायची आणि "ताई, नाही" एवढंच म्हणून ठेवायची. पाचव्या 'नाही'नंतर मला राहवेना. रिक्षा करून मार्केट यार्डाकडं निघाले. रस्ताभर वाक्य घोकत होते, "चाचा, तो दोन मी टाकला."

रिक्षावाला वळून म्हणाला, "काय म्हणालासा?"

दुकानात चाचांपाशी दोन व्यापारी बसले होते. मी तोंड उघडायच्या आत चाचा त्यांना म्हणाले, "ह्या फॉर्म भरणाऱ्या ताई. ह्यांस्नी इचारा. समदी म्हणत हुती दडव, पर माझ्या पोरीनं ऐन वक्ताला दोन बी लिवला. घरी येऊन म्हणाली, अब्बा, तुमचं ऐकलं. आता पाच जागी हाकलली. पर मला त्येचं कायबी वाटत न्हाई." मग हळूच म्हणाले, "वाटतंय. पर तिच्यापुढं बोलायचं न्हाई."

पाठ केलेलं वाक्य तसंच राहून गेलं. कुणीतरी माझ्या हातात चहा दिला. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला, मी दचकले आणि निम्मा कप हळकुंडांच्या नमुन्यावर सांडला. फोन सानियाचा होता.

"ताई, सहावं आलं. घेतलंय त्यांनी. पण त्या दोनाचं क्रेडिट नाही, कॅल्क्युलस तिथं पहिल्यापासून करावं लागणार."

मी ते मोठ्यानं सांगितलं. चाचांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग म्हणाले, "परत पहिल्यापासनं शिकवत्यात व्हय? चांगली मानसं हायती."

फोन अजून माझ्या कानाला होता.

"ताई, तुम्ही कुठं आहात?"

"दुकानात. चाचांसमोर."

मग अगदी हळू आवाजात सानियानं विचारलं, "अब्बांना त्या दोनाचं काही सांगितलं तर नाही ना?"