विचारलं नाय, सांगितलं
पोलादपुराजवळच्या एका वाडीतल्या शाळेत मी पहिलीला शिकवायचो. प्रश्न कोणता आणि विधान कोणतं, हे मुलांना कळावं म्हणून मी एक नियम दिला होता: जे ऐकून उत्तर द्यावंसं वाटतं, तो प्रश्न.

तपासणीला आलेले साहेब एका मुलीला म्हणाले, "तुझे वडील मुंबईला असतात."

ती ताडकन उठली. "नाय, घरीच हायत."

"अगं, मी विचारलं कुठे?"

"इचारलं नाय, सांगितलंत. पण चुकीचं सांगितलंत."

साहेब मोठ्याने हसले. मला मात्र तिचा अभिमान वाटला, कारण फरक तिला माझ्यापेक्षा नीट कळला होता. दुसऱ्या दिवशी मी तो नियम मोडीत काढला आणि मुलांना वाक्याचा सूर ऐकायला शिकवलं.