झाला का गो, बाय?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याच्या कानातून शहापूर-मुरबाडमधली एकही गोष्ट सुटत नाही. तुम्हाला सांगते, कारण माझं गाणं तुम्ही ऐकलंच असेल. हळदीला लावतात ते. शेवटी गाणारी विचारते, "झाला का गो, बाय?" – की अख्खा मांडव ओरडतो, "नाय!" मग गाणं पुन्हा लागतं.

त्या एका गाण्यावर मी गायिका झाले. बॅनरवर माझा फोटो, म्हसा गावच्या जत्रेत माझा कार्यक्रम. स्टेजवर मी माइक धरते आणि ओठ हलवते. लोकांना काय, गाणं वाजलं म्हणजे झालं.

तो आवाज... थांबा, आधी ठकूआत्याचं सांगते.

माझ्या बापाची बहीण. आमच्या शेणवे गावची धवलारीण – हळद लागल्यापासून पाठवणीपर्यंत लग्नातले धवले म्हणायचा मान तिचा. सगळे तिच्या आईकडून आलेले, तोंडपाठ. मला मात्र गायिका व्हायची भारी घाई. कल्याणच्या एका स्टुडिओत तिला घेऊन गेले. म्हटलं, "आत्या, चाल कळू दे, एकदा म्हणून दाखव." तिने डोळे मिटून धवला म्हटला. संपल्यावर मला विचारलं, झाला का गो, बाय? मग मी म्हटला – खोटं कशाला बोलू – पत्रा खरवडल्यासारखा. स्टुडिओवाला म्हणाला, हिचाच ठेवू, नाव तुझं लावू. मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. आत्याला सांगितलं, मशीन बिघडलं, काहीच भरलं नाही.

एवढंच असतं तर चोरी म्हणून पचवलीही असती.

सापगावला एका हळदीत आत्या धवला म्हणायला बसली आणि स्पीकरवर ते गाणं लागलं. तिने स्पीकरकडे मान वळवली. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, हे तिला कुठून ठाऊक असणार? माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बाय, यो त माजे आयचा आवाज हाय गो. मेलेली बाई गाते कशी?"

तुझाच आहे, आत्या – एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हटलं, "असेल."

त्यानंतर तिने धवला म्हटला नाही. "आय गाते, त मी कशाला तोंड घालू?" बोलावणं नसलं तरी हळदीला जायची, स्पीकरच्या पायाशी बसायची, त्याला हळदीचं बोट लावायची. आणि गाण्यातून तो प्रश्न आला की सगळ्यांच्या आरोळीत हळूच उत्तर द्यायची, "नाय आय. जरा थांब. येतंच मी." वर स्टेजवर मी – ओठ हलवत, तिच्याकडे बघत. मला भीती वाटायची. पण टाळ्या सोडवत नव्हत्या.

यंदा भातकापणीनंतरच्या एका हळदीत तिने उत्तर बदललं. "झाला, आय," म्हणाली. त्याच आठवड्यात ती गेली.

परवा मुरबाडला हळद होती. गाणं संपत आलं. झाला का गो, बाय? मांडव ओरडला. पण तो प्रश्न आत्याने मला विचारला होता ना? आणि त्या दिवशी स्टुडिओत मी उत्तरही दिलं होतं – "झाला, आत्या." स्टुडिओवाल्याने ते कापून टाकलं. त्या अख्ख्या गाण्यात माझा आवाज तेवढाच होता.

गाणं पुन्हा लागलं. मी ओठ हलवले.